ज्या कार्निव्हलला पाहुण्याची गरज नाही

ब्राझीलच्या बाहिया राज्यातील साल्वादोर शहरात कार्निव्हलच्या दिवसांत ध्वनिवर्धकांनी मढवलेला एक अजस्र ट्रक समुद्रकाठच्या रस्त्यावरून माणसाच्या पावलांच्या गतीने पुढे सरकत असतो. ट्रकच्या माथ्यावर गायक-वादक असतात आणि ट्रकभोवती, बरेच अंतर राखून, एक जाड दोर फिरवलेला असतो. हा दोर कोणत्याही खांबाला बांधलेला नसतो. शेकडो माणसांनी तो हातांत धरलेला असतो आणि ट्रक चालेल तितके तास तीही चालत राहतात. दोराच्या आत एकाच रंगाचे, एकाच छापाचे सदरे घातलेले लोक नाचत असतात. या सदऱ्याला अबादा म्हणतात, आणि तो विकत घेतल्याशिवाय आत पाऊल टाकता येत नाही. बाहेर फुकट नाचणाऱ्या गर्दीला पिपोका, म्हणजे मक्याच्या लाह्या, असे नाव पडले आहे. तापल्या भांड्यातल्या लाह्यांसारखीच ती उडत असते. दोर धरणारे कोर्देइरो मात्र ना धड आत असतात ना धड बाहेर. हातांत मोजे, कानांत बोळे आणि पदरी तुटपुंजी रोजंदारी अशा अवस्थेत, बहुतेक गरीब कृष्णवर्णीय वस्त्यांतून आलेली ही माणसे, दुसऱ्याचा आनंद तिसऱ्याच्या धक्क्यापासून सांभाळत असतात.

जगातील कोणते कार्निव्हल मुद्दाम प्रवास करून पाहावे, हा प्रश्न आला की मला हा दोर आठवतो. एरवी या प्रश्नाची उत्तरे आकड्यांत दिली जातात. किती लाख लोक आले, हॉटेलांच्या किती खोल्या भरल्या, किती किलोमीटरची मिरवणूक निघाली, यावरून कार्निव्हलचे मोठेपण ठरते आणि पर्यटन खाती त्याच हिशेबाने सार्वजनिक पैसा खर्च करतात. हा हिशेब मला मुळातच उलटा वाटतो. बाहेरचा एकही पाहुणा आला नाही तरी जो कार्निव्हल ठरल्या दिवशी तितक्याच ईर्ष्येने निघेल, तोच प्रवास करून पाहण्याच्या लायकीचा असतो. आणि जो आपल्यासाठीच मांडलेला असतो, तो पाहायला जाण्यात फारसा अर्थ उरत नाही. यात थोडा विरोधाभास आहे हे कबूल. परंतु नुसता ‘सहभाग मिळतो की नाही’ एवढाच निकष लावला तर आपण फसतो, कारण साल्वादोरच्या दोराच्या आत सहभागच तर विकला जात असतो. प्रश्न दोर आहे की नाही हा नाही. तो कोणी, कोणासाठी आणि कशाच्या बळावर धरला आहे, हा आहे.

साल्वादोरमध्ये हा दोर मुळापासून नव्हता. १९५० साली दोदो आणि ओस्मार या दोघा मित्रांनी १९२९ सालच्या एका जुन्या फोर्ड गाडीवर विजेवर चालणारी तंतुवाद्ये चढवली आणि ती वाजवत ते शहरातून फिरले. लोक मागे लागले, आणि ‘त्रिओ एलेत्रिको’ची ही कल्पना तिथून वाढत वाढत आजच्या राक्षसी ट्रकांपर्यंत आली. मागे चालणाऱ्यांमध्ये भेद करण्याची गरज वाद्यवृंदाला व्यवसायाचे रूप आल्यावर पडली. गंमत अशी की याच शहरातील दुसऱ्या काही पथकांनी वेगळी कुंपणे घातली आणि त्यांचा अर्थ मात्र नेमका उलट होता. महात्मा गांधींच्या हत्येनंतरच्या वर्षी, १९४९ मध्ये, बंदरावरच्या गोदी कामगारांनी ‘फिल्योस दि गांधी’ म्हणजे ‘गांधीपुत्र’ नावाचे पथक काढले. पांढरी वस्त्रे, डोक्याला पांढरे फेटे, गळ्यात निळ्या-पांढऱ्या मण्यांच्या माळा आणि मुखी आफ्रिकी देवदेवतांची गाणी असा त्यांचा थाट आजही असतो. १९७४ मध्ये ‘इले आये’ हे पथक स्थापन झाले तेव्हा त्यात केवळ कृष्णवर्णीयांना प्रवेश होता आणि त्यावर वंशवादाचा आरोपही झाला. पण ज्या शहरात बहुसंख्य असूनही काळ्या माणसाला प्रतिष्ठित पथकांत जागा मिळत नव्हती, तिथे ‘इले आये’ने आखलेली सीमा आणि अबादा विकणाऱ्याचा दोर यांना एकाच मापाने मोजणे मला पटत नाही. एक सीमा हक्क मिळवण्यासाठी घातलेली होती, दुसरा दोर तिकीट वसूल करण्यासाठी आहे.

कार्निव्हलचा उगम पाहिला तर हा मुद्दा अधिक उमगतो. ईस्टरपूर्वीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ सुरू होण्याआधी मनसोक्त खाऊन-पिऊन घेण्याचे हे युरोपातील दिवस. वसाहतींबरोबर ते अटलांटिकपलीकडे गेले आणि तिथे, जिथे मालक आणि गुलाम एकाच मळ्यावर राहत, त्यांना फार वेगळी धार आली. त्रिनिदादमध्ये फ्रेंच मळेवाल्यांचे मुखवट्यांचे नाच चालत. गुलामगिरी संपल्यावर मुक्त झालेल्यांनी रस्ता ताब्यात घेतला. उसाच्या शेतांना आग लागली की गुलामांना मशालींच्या उजेडात हाकलत नेले जाई. त्याचीच नक्कल करत ढोल, मशाली आणि लाठ्या घेऊन निघणाऱ्या मिरवणुकीला ‘कांबुले’ म्हणत. १८८१ मध्ये पोर्ट ऑफ स्पेनच्या पोलिसांनी ती मोडायचा प्रयत्न केला तेव्हा रस्त्यावर मोठी चकमक झडली, आणि पुढच्या काही वर्षांतच ढोलांवर कायद्याने बंदी आली. ढोल गेले म्हणून लोकांनी वेगवेगळ्या लांबीचे बांबू जमिनीवर आपटून ताल धरला. पुढे बिस्किटांचे डबे, मग तेलाची पिंपे आली. १९३० आणि ४०च्या दशकांत त्या पिंपांचे तळ ठोकून-ठोकून त्यांतून सूर काढण्यात आले, आणि स्टीलपॅन हे वाद्य जन्माला आले. ज्या वाद्याच्या नादावर जगभरचे प्रवासी आज त्रिनिदादला जातात, ते वाद्य असे बंदीच्या पोटी जन्मलेले आहे. पर्यटन खात्याच्या नियोजनातून असे काही निघाल्याचे उदाहरण मला तरी माहीत नाही.

त्रिनिदादची आजची स्थिती मात्र दुभंगलेली आहे. तिथे ‘कार्निव्हल पाहणे’ म्हणत नाहीत, ‘मास खेळणे’ म्हणतात (मास म्हणजे मुखवटे-पोशाखांचे सोंग), आणि या क्रियापदातच सारे आले. परंतु मोठ्या पथकांत मास खेळायचा तर पोशाखापासून खाणे, पिणे आणि सुरक्षारक्षकांपर्यंत सगळ्याचे एकगठ्ठा पैसे आधी भरावे लागतात. त्या पोशाखांत मणी, पिसे आणि अगदी थोडे कापड यापलीकडे फारसे काही नसते. पीटर मिन्शॉल या रचनाकाराने १९८३ मध्ये ‘नदी’ या विषयावर शेकडो लोकांना शुभ्र कापडात उतरवले आणि दुसऱ्या दिवशी त्याच कापडांवर रंग ओतून प्रदूषित नदीचे मरण रस्त्यावर उभे केले. त्या कल्पनाशक्तीच्या शेजारी आजचा तयार, दरवर्षी रंग बदलून येणारा पोशाख फिका दिसतो. तरीही कार्निव्हलच्या सोमवारी उजाडण्यापूर्वी जो ‘जुव्हे’ सुरू होतो, त्यात चिखल, रंग, तेल जे मिळेल ते अंगाला फासून, फाटके कपडे घालून लोक अंधारात निघतात, आणि उजाडेपर्यंत कोण कोण आहे हे ओळखू येईनासे होते. त्रिनिदादला जाणाऱ्याने मंगळवारच्या झगमगाटाची छायाचित्रे पाहून जाऊ नये. या पहाटेसाठी जावे.

रिओ दि जानेरोविषयी मत बनवणे सर्वांत अवघड आहे, आणि मी स्वतः त्यावर एकापेक्षा अधिक वेळा बाजू बदलली आहे. सांबा वाजवणाऱ्यांना विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे पोलीस पकडत असत. १९२८ मध्ये एका वस्तीतील सांबावाल्यांनी आपल्या पथकाला अर्ध्या थट्टेने ‘शाळा’ म्हटले आणि ते नाव रूढ झाले. १९३२ मध्ये एका क्रीडा वृत्तपत्राने शाळांची पहिली स्पर्धा भरवली. १९८४ मध्ये वास्तुविशारद ऑस्कर निमायर यांनी रेखलेले सांबाड्रोम उभे राहिले. सुमारे सातशे मीटरचा सरळ रस्ता आणि दोन्ही बाजूंना काँक्रीटच्या गॅलऱ्या अशी ही वास्तू आहे. (या गॅलऱ्यांखाली वर्षभर मुलांचे वर्ग भरावेत अशी मूळ योजनेतच सोय होती, ही गोष्ट तिकिटांच्या जाहिरातीत सहसा येत नाही.) रस्त्याला भिंती आल्या आणि बघणारे बसले, चालणारे चालू लागले. माझा निकष आंधळेपणाने लावला तर रिओ इथेच नापास व्हावे.

पण तसे होत नाही, कारण त्या भिंतींच्या आत जी स्पर्धा चालते ती बसलेल्या पाहुण्यासाठी चालत नाही. प्रत्येक शाळेला ठराविक मिनिटे मिळतात. हजारो माणसे त्या वेळेत एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला न्यायची, मध्ये खंड पडू द्यायचा नाही आणि गाण्याचा सूरही ढळू द्यायचा नाही. यातले काहीही चुकले तर गुण कापले जातात, आणि तळाची शाळा खालच्या गटात ढकलली जाते. निकालाच्या बुधवारी दशांश गुणांवरून वस्त्याच्या वस्त्या रडतात किंवा नाचतात. १९८९ मध्ये बेइजा-फ्लोर या शाळेचे रचनाकार जुआझिन्यो त्रिंता यांनी, ज्यांची ख्याती तोवर डोळे दिपवणाऱ्या ऐश्वर्यासाठी होती, कचरा, चिंध्या आणि भिकारी यांची मिरवणूक काढायचे ठरवले. तिच्यात शहराच्या डोंगरमाथ्यावरील येशूची प्रतिकृती भिकाऱ्याच्या रूपात होती. चर्चने न्यायालयात धाव घेतली आणि मूर्ती दाखवायला मनाई झाली. शाळेने ती मूर्ती काळ्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळली, तिच्यावर ‘मनाई असली तरी आमच्यावर लक्ष असू दे’ असा फलक लावला आणि तशीच रस्त्यावर आणली. उघडी मूर्ती कदाचित एका वर्षात विसरली गेली असती. झाकलेली आजही लोकांच्या डोळ्यांसमोर आहे. त्या वर्षी बेइजा-फ्लोर दुसरी आली, म्हणजे स्पर्धेच्या हिशेबात हरली. २०११ मध्ये कार्निव्हलला जेमतेम महिना उरला असताना आग लागून तीन शाळांचे पोशाख आणि चित्ररथ जळाले, तेव्हा त्या वर्षी कोणालाच खाली ढकलायचे नाही असे ठरले आणि त्या तिन्ही शाळा गुणांच्या शर्यतीबाहेर राहूनही रस्त्यावर उतरल्या. मला रिओला जावेसे वाटते ते अशा गोष्टींमुळे. अर्थात शाळांच्या पाठीशी दीर्घकाळ बेकायदा लॉटरीवाल्यांचा पैसा होता आणि १९९३ मध्ये त्यांच्यातील चौदा जणांना न्यायालयाने तुरुंगात पाठवले, हेही त्याच गोष्टीचे एक अंग आहे. गुंडाचा पैसा वाईट आणि पर्यटन प्रायोजकाचा निर्मळ, असे म्हणून सुटका होत नाही. तरी गुंडालाही आपली शाळा जिंकायला हवी होती, हे खोटे नाही.

व्हेनिसबद्दल थोडक्यात उरकतो. जुन्या प्रजासत्ताकात मुखवटा ही सामाजिक सोय होती, कारण त्याच्याआड सरदार आणि सामान्य माणूस एकाच मेजावर जुगार खेळू शकत. १७९७ मध्ये नेपोलियनपुढे प्रजासत्ताक कोसळले आणि कार्निव्हलही बंद झाला. तो १९७९-८० च्या सुमारास पुन्हा सुरू केला गेला. सुरुवातीच्या त्या वर्षांत रंगकर्मींनी त्यात खरा जीव ओतला होता, हे मान्य केले पाहिजे. पण ज्या ऐतिहासिक बेटावरील रहिवाशांची संख्या आज पन्नास हजारांच्याही खाली आली आहे, तिथे मुखवट्याआडून कोणी कोणापासून ओळख लपवायची? एक पाहुणा मुखवटा घालतो, दुसरा त्याचे छायाचित्र घेतो. दृश्य अप्रतिम असते, यात वाद नाही. तेवढ्यासाठीच जायचे असेल त्याने जावे.

याच्या अगदी उलट टोकाला स्वित्झर्लंडमधील बासेल आहे. या शहराने सोळाव्या शतकात प्रोटेस्टंट पंथ स्वीकारला, पण कार्निव्हल सोडला नाही. उलट इतरांचा उपवास सुरू झाल्यानंतरच्या सोमवारी, म्हणजे सगळे जग आटोपल्यावर, यांचा फासनाख्ट सुरू होतो. पहाटे चारच्या ठोक्याला जुन्या शहरातले सगळे पथदिवे एकदम मालवले जातात. अंधारात एकच आज्ञा होते, आणि गल्लीगल्लीतून ढोल आणि पिकोलो बासऱ्यांवर एकच कूचगीत सुरू होते. उजेड असतो तो केवळ वादकांच्या डोक्यावरच्या छोट्या कंदिलांचा आणि पथकांनी आणलेल्या भल्यामोठ्या रंगवलेल्या कंदिलांचा, ज्यांवर गेल्या वर्षातील सरकारी घोटाळे आणि पुढाऱ्यांची फजिती चितारलेली असते. मुखवट्याआड कोण आहे ते कळत नाही, पद्यांतील टोमणे स्थानिक बोलीत असतात, आणि वेश करून येऊ नये अशीच पाहुण्याकडून अपेक्षा असते. कागदाचे कपटे उधळतात तेही एका वेळी एकाच रंगाचे. मिसळलेल्या रंगांचे कपटे म्हणजे जमिनीवरून गोळा केलेले, म्हणून ते कमीपणाचे. पाहुण्याने एक करावे, रस्त्यावर मिळणारा त्या वर्षीचा बिल्ला विकत घेऊन कोटाला लावावा, कारण त्याचा पैसा पथकांकडे जातो. मग संध्याकाळी एखादे लहान पथक कोणताही मार्ग न ठरवता अरुंद गल्ल्यांतून वाजवत निघाले की त्याच्या मागून त्याच संथ पावलांनी चालत राहावे. कोणी हाकलत नाही, कोणी स्वागतही करत नाही. बरोबर बहात्तर तासांनी, गुरुवारी पहाटे चारला, सगळे थांबते.

यावर एक आक्षेप असा येईल की ‘आपल्या लोकांचा’ उत्सव या शब्दांत सोवळेपणाही दडलेला असतो. आक्षेप रास्त आहे. न्यू ऑर्लिन्समध्ये १८५७ पासून मिरवणूक काढणाऱ्या कोमस या मंडळाचे सदस्यत्व गोऱ्या उच्चभ्रूंपुरते होते. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला शहराने सदस्यत्वातील भेदभावाविरुद्ध नियम केला तेव्हा मंडळाने दारे उघडण्याऐवजी रस्त्यावरची मिरवणूकच बंद केली. बेल्जियममधील आल्स्टच्या कार्निव्हलमध्ये ज्यूंची विटंबना करणारा चित्ररथ निघाला आणि ‘आम्ही सगळ्यांचीच थट्टा करतो’ असे त्याचे समर्थन करण्यात आले. अखेर २०१९ च्या डिसेंबरात युनेस्कोने त्या उत्सवाला वारशाच्या यादीतून काढले. तेव्हा पाहुण्याची पर्वा न करणे हा काही गुणांचा दाखला नाही. मी एवढेच म्हणतो की न्यू ऑर्लिन्समध्ये कोमसच्या जागी जे उभे होते आणि आहे, त्याकडे पाहावे. विसाव्या शतकाच्या आरंभी कृष्णवर्णीयांनी स्थापन केलेले झुलू मंडळ आजही रंगवलेले नारळ वाटते, आणि चित्ररथांवर व्यापारी जाहिरात करायला त्या शहरात मनाई आहे. मण्यांच्या माळा फेकण्याची हौस मात्र इतकी बेसुमार आहे की २०१८ मध्ये सेंट चार्ल्स मार्गाच्या जेमतेम पाच चौकांतील तुंबलेल्या गटारांतून सुमारे बेचाळीस टन माळा निघाल्या. प्रायोजक नसले की उत्सव आपोआप शहाणा होतो असेही नाही.

दुसरा आक्षेप तारखेचा. उपवासाशी नाते तुटले की कार्निव्हल पोकळ होतो, असे काही जण म्हणतात. लंडनच्या नॉटिंग हिलकडे पाहता मला ते पटत नाही. १९५८ मध्ये तिथे कॅरिबियन स्थलांतरितांवर हल्ले झाले, आणि पुढच्याच जानेवारीत त्रिनिदादमध्ये जन्मलेल्या पत्रकार आणि कार्यकर्त्या क्लॉडिया जोन्स यांनी सेंट पॅन्क्रसच्या सभागृहात, म्हणजे थंडीमुळे छपराखाली, एक कार्निव्हल भरवला. १९६६ मध्ये रोन लॅस्लेट यांनी भरवलेल्या वस्तीच्या जत्रेत रसेल हेंडरसन यांचे स्टीलपॅनवाले वाजवत रस्त्यावर निघाले आणि लोक मागून चालू लागले. आज तो ऑगस्टअखेर होतो, उपवासाशी त्याचा काडीचा संबंध नाही, आणि तरी तो का आहे हे त्या वस्तीतील कोणालाही सांगता येते. त्या रस्त्यांवर आता घरे घेणाऱ्या श्रीमंतांना तो दुसरीकडे, एखाद्या बंदिस्त मैदानात हलवावासा वाटतो, आणि सुरक्षेची कारणे खोटी नाहीत. पण मैदानाला दार असते आणि दारावर तिकीट. तिथे नेल्यावर जे उरेल ते पाहायला लंडनला जाण्याची गरज पडणार नाही.

बोलिव्हियातील ओरुरोत, समुद्रसपाटीपासून सुमारे ३,७०० मीटर उंचीवर, खाणकामगारांच्या शहरात, शिंगांचे जड मुखवटे घातलेले नर्तक सैतानाच्या वेशात चार किलोमीटर नाचत जातात आणि शेवटी खाणीतल्या मेरीमातेच्या देवळात गुडघ्यांवर सरकत प्रवेश करतात. नवस फेडायला म्हणून वर्षानुवर्षे नाचण्याची शपथ घेणारे त्यांत असतात. मार्गावरच्या बाकांची जागा विकली जाते, आणि पाहुणा पैसे मोजून तिथे बसतोही. पण देवळाच्या उंबऱ्यावर मुखवटा उतरवून धापा टाकणाऱ्या त्या माणसाला बाकावर कोण बसले होते याचा पत्ता नसतो.

बेल्जियमच्या बांश गावातला दोर तर सर्वांत घट्ट आहे. तिथला ‘झील’, म्हणजे कार्निव्हलचा वेशधारी नर्तक, फक्त त्या गावचा पुरुष होऊ शकतो, ढोलकऱ्याशिवाय तो पाऊल टाकत नाही, आणि त्या वेशात गावाची वेस ओलांडत नाही, मग कोणी कितीही मानधन देऊ करो. मंगळवारी पहाटे ढोलकरी दारोदार जाऊन एकेका झीलला घरातून बाहेर काढतो. पेंढा भरून फुगवलेला अंगरखा, कमरेला घंटा आणि पायांत लाकडी खडावा अशा थाटात, फरसबंदीवर टाप देत ती रांग वाढत जाते. दुपारी डोक्यावर शहामृगाच्या पिसांची उंच टोपी चढते आणि टोपल्यांतून संत्री उडू लागतात. मार्गावरच्या घरांनी खिडक्यांना आधीच तारेची जाळी लावलेली असते. गर्दीत उभ्या असलेल्या परक्या माणसाच्या छातीवरही त्यांतले एखादे आदळते. ते परत फेकणे हा तिथे अपमान समजला जातो, तेव्हा संत्रे खिशात ठेवून त्याने आपल्या जागी उभे राहायचे असते.